भेकराचा खिमा, पाव आणि एक बोर्ड: इंग्लंडमधल्या छोट्या दुकानात हरणाचं मटण विकल्याचं प्रकरण

हे प्रकरण इंग्लंडच्या पूर्व भागातलं, म्हणजे ईस्ट अँग्लियातलं. गावाचं नाव सांगत नाही, माणसांची नावंही नाहीत. दुकान चालवणारं जोडपं मूळ रत्नागिरी जिल्ह्यातलं, त्यांना मी दादा-वहिनी म्हणतो, इथेही तेच ठेवतो. माझा संबंध एवढाच की मी बरीच वर्षं मीट कटिंग प्लांटमध्ये क्वालिटीचं काम केलं आणि आता छोट्या फूडवाल्यांना कागदपत्रं करून देतो, त्यामुळे दादाने मला "जरा येऊन बघ" म्हणून बोलावलं आणि मी दीड वर्ष अडकलो. लिहायला त्यांची परवानगी आहे, फक्त वहिनी म्हणाल्या की चुका पण लिही, नुसतं कौतुक नको.

पार्श्वभूमी

दुकान म्हणजे टेकअवे. आठवड्यातले पाच दिवस दुकान आणि महिन्यातून दोनदा फार्मर्स मार्केटला स्टॉल. वडापाव, चिकन सुकं, बकऱ्याचं मटण, घावन कधीमधी. चिकन आणि मटण हलाल सप्लायरकडून, कारण जवळचा चांगला बकऱ्याचा माल तोच द्यायचा. दारावर हलालचा स्टिकर होता. गिऱ्हाइक मिक्स, निम्म्याहून जास्त गोरे, बाकी आपले भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी, थोडे पोलिश.

आता हरणांचं. ब्रिटनमध्ये हरणांच्या सहा जाती मोकळ्या फिरतात. रेड आणि रो ह्या दोनच इथल्या मूळच्या, बाकी फॅलो, सिका, मंटजॅक आणि चायनीज वॉटर डिअर माणसांनी आणलेल्या. फॅलोला ठिपके असतात, आपल्या माणसाला पहिल्यांदा बघितलं की चितळच वाटतं. थेटफर्डच्या जंगलाकडची रो हरणं तर १८८४ मध्ये जर्मनीतून आणून सोडलेल्यांचा वंश. आणि मंटजॅक, तो चीनकडचा, बेडफर्डशरमधल्या वोबर्नच्या इस्टेटीतून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाहेर पसरला. लांडगा आणि लिंक्स नावाचं मोठं रानमांजर इकडे केव्हाच संपलेत, त्यामुळे हरणाला खाणारं कुणी उरलं नाही. मग ती वाढतात, नव्या झाडांचे कोंब खातात, जंगलाखालची झुडपं साफ करतात, आणि त्या झुडपात घरटं करणारे नाइटिंगेलसारखे पक्षी कमी होतात. शेतीचं नुकसान वेगळं, रस्त्यावरचे अपघात वेगळे. त्यामुळे दरवर्षी हरणं मारावी लागतात, आणि ते इकडे कायदेशीर आहे. मारलेल्या हरणाचं मांस कुठेतरी जायला हवं, तिथून आपली गोष्ट सुरू होते.

दादा पहिल्यांदा गावाबाहेर राहायला गेला तेव्हा रात्री कुत्र्यासारखं काहीतरी भुंकत होतं. चार रात्री त्याला वाटलं शेजाऱ्याचं कुत्रं. पाचव्या दिवशी बागेत प्रत्यक्ष दिसलं आणि हा ओरडला, "अगं हे तर आपलं भेकर!" ते म्हणजे मंटजॅक. तसं ते अगदी आपलं नाही, सह्याद्रीतलं भेकर वेगळी जात, पण चुलतभाऊच. दादाचे आजोबा पारधीला जायचे, १९७२ चा वन्यजीव कायदा यायच्या आधीची गोष्ट, गावातले दहा-बारा जण मिळून जायचे आणि शिकारीचे वाटे घरोघरी पोचायचे. दादाने स्वतः ते कधी खाल्लं नाही, फक्त ऐकलं. त्यामुळे हरणाचं मटण विकायची कल्पना धंद्याच्या हिशोबातून आली का आजोबांच्या गोष्टीतून, हे मला आजही नक्की सांगता येत नाही, दोन्ही असावं.

प्रॉब्लेम काय होता

२०२३ च्या उन्हाळ्यात दोन गोष्टी एकदम झाल्या. बकऱ्याच्या मटणाचा भाव इतका वर गेला की मटणाच्या प्लेटमध्ये काही सुटेना. आणि स्टॉलशेजारी मध विकणाऱ्या बाईंनी दादाची ओळख एका स्टॉकरशी करून दिली. इकडे हरणाची शिकार करणाऱ्याला स्टॉकर म्हणतात, आपल्याकडे ह्या शब्दावर पोलीस कंप्लेंट होते, ते जाऊ दे. हे गृहस्थ साठीच्या पुढचे, तीन-चार शेतकऱ्यांच्या जमिनीवर परवानगीने हरणं मारायचे, वहिनी त्यांना पहिल्या भेटीपासून काका म्हणायला लागल्या आणि त्यांनाही ते आवडलं. काकांचं रडगाणं असं की गेम डीलर, म्हणजे शिकारीचं मांस घेणारा व्यापारी, किलोला कसेबसे २ पौंड देतो, मंटजॅक तर घ्यायलाच कुरकुर करतो कारण जनावर छोटं, सोलायची मेहनत तेवढीच. कोविडमध्ये हॉटेलं बंद झाली तेव्हापासून बाजार नीट सावरलाच नाही असं त्यांचं म्हणणं.

म्हणजे एकीकडे चांगलं मांस स्वस्तात पडून आहे, दुसरीकडे दुकानाला स्वस्त मटण हवंय. कागदावर एकदम सोपं. खरा प्रश्न होता की लोक खातील का, आणि खाणाऱ्यांमुळे न खाणारे पळतील का. दादाने पहिला प्रश्न धरला, दुसऱ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं, माझंही नाही.

कोणकोणते पर्याय होते

मांस मिळवायचे तीन रस्ते होते. पहिला, अप्रूव्हड गेम हँडलिंग युनिटकडून, म्हणजे शिकारीचं मांस तयार करणाऱ्या मान्यताप्राप्त कारखान्याकडून, तयार, तुकडे केलेलं, लेबल लावलेलं व्हेनिसन (हरणाचं मांस) घ्यायचं. तिथे तपासणी झालेली असते, कागद पूर्ण असतात, पण भाव जास्त आणि मंटजॅक कधी मिळणार कधी नाही. दुसरा, काकांकडून सोललेलं आणि मोठे भाग केलेलं मांस घ्यायचं. इंग्लंडमध्ये शिकाऱ्याला स्वतः मारलेल्या जनावराचं मांस थोड्या प्रमाणात थेट गिऱ्हाइकाला किंवा जवळपासच्या अशा दुकानाला देता येतं जे पुढे थेट खाणाऱ्याला विकतं, फक्त त्याने कौन्सिलकडे, म्हणजे स्थानिक पालिकेकडे, फूड बिझनेस म्हणून रजिस्टर करायला हवं. काका रजिस्टर होते, त्यांच्याकडे धुता येणाऱ्या भिंतींची छोटी खोली आणि चिलर होता. तिसरा रस्ता, अख्खं कातड्यासकट जनावर दुकानात आणायचं आणि आपण सोलायचं. हा सगळ्यात स्वस्त.

इथे बरेच लोक एक जुनी गोष्ट अजून धरून असतात की गेम डीलर लायसन्स लागतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये ते १ ऑगस्ट २००७ पासून गेलं. स्कॉटलंडमध्ये मात्र कौन्सिलकडून व्हेनिसन डीलरचं लायसन्स घ्यावं लागायचं, आणि दादाला कुणीतरी स्कॉटलंडचं वाचून घाबरवलं होतं, त्यात दोन आठवडे फुकट गेले.

दादाला अर्थातच तिसरा रस्ता हवा होता. आजोबा अंगात आले होते. मी किचन बघितलं, दोन सिंक, त्यातल्या एकात कोथिंबीर धुतात, बाजूला चटणीचा मिक्सर. त्या जागेत केसाळ कातडं काढायचं म्हणजे वेडेपणा. हरणाच्या आतड्यात ई कोलाय हा जंतू असू शकतो, सोलताना कातड्यावरची घाण मांसाला लागली की संपलं, २०१५ मध्ये स्कॉटलंडमध्ये व्हेनिसनच्या प्रॉडक्ट्सवरून ई कोलाय ओ१५७ ची साथ येऊन गेलेली आहे. मी स्पष्ट सांगितलं की तिसरं करणार असाल तर मी कागदाला हात लावणार नाही. थोडी वादावादी झाली. वहिनींनी निकाल दिला, "माझ्या किचनमध्ये केस नकोत." विषय संपला, माझ्या ई कोलायमुळे नाही, केसांमुळे.

पहिला का दुसरा, ह्यात आम्ही दुसरा घेतला. तेव्हा मला बरोबर वाटलं, आता तेवढी खात्री नाही, पुढे सांगतो.

काय काय केलं

काकांबरोबर चार गोष्टी ठरवल्या, एका कागदावर, सही करून. एक, गोळी तांब्याची, शिशाची नाही. शिशाची गोळी आत फुटते आणि बारीक कण जखमेपासून लांबपर्यंत जातात, डोळ्यांना दिसत नाहीत. फूड स्टँडर्ड्स एजन्सीचा जुना सल्ला आहे की शिशाने मारलेली शिकार वारंवार खाणाऱ्यांनी प्रमाण कमी करावं, खासकरून लहान मुलं आणि गरोदर बायका. आणि आम्ही तर खिमा करणार होतो, म्हणजे कण सगळीकडे मिसळणार. काका आधी कुरकुरले की चाळीस वर्षं शिसंच वापरलं, काही झालं नाही, पण बदलले. नंतर जुलै २०२५ मध्ये सरकारनेच शिशाच्या गोळ्यांवर बंदी जाहीर केली, तीन वर्षांच्या मुदतीने, तेव्हा काकांनी मला फोन करून "मी आधीच केलं होतं" असं तीनदा ऐकवलं.

दुसरी गोष्ट, प्रत्येक जनावराला टॅग. कुठे, कधी, कुणी मारलं, मारण्याआधी नीट चालत होतं का, आतले अवयव तपासले का. गेम हँडलिंग युनिटला माल देताना असं डिक्लरेशन लागतंच, आमच्या रूटला कायद्याने सक्ती नव्हती, तरी आम्ही मागितलं. तिसरी, चिलर ७ डिग्रीच्या खाली आणि त्याची रोजची नोंद. चौथी, सीझन. रो आणि फॅलोच्या माद्या १ नोव्हेंबर ते ३१ मार्च एवढ्याच काळात मारता येतात, नरांचे महिने वेगळे. मंटजॅकला मात्र बंद सीझनच नाही कारण तो वर्षभर वितो. म्हणून मेन्यूचा पाया मंटजॅकवर ठेवला.

आता किचनमधली मजा. पहिल्यांदा वहिनींनी नेहमीचा मटण रस्सा केला, कांदा-खोबऱ्याचं वाटण, गरम मसाला, सगळं तेच. रस्सा पाण्यासारखा दिसला, वर तवंगच नाही. हरणाच्या अंगावर चरबी नसतेच जवळजवळ. बकऱ्याच्या चरबीने जे काम आपोआप होतं ते इथे कुणी करणार नाही. आणि मांडीचे तुकडे नेहमीसारखे शिजवले तर दोरखंड. मग तीन आठवडे प्रयोग. खांदा आणि मान मंद आचेवर तीन तास, सुकं करायचं, रस्सा नाही. मांडीचा खिमा, त्यात तेल थोडं सढळ आणि शेवटी चमचाभर तूप. पाठीचा मऊ भाग टेकअवेत वापरण्यात अर्थ नाही, तो काकांनीच ठेवून घ्यावा असं ठरलं. साधारण १० किलोच्या मंटजॅकमधून हाडं काढून ५-साडेपाच किलो मांस हातात यायचं. काकांना किलोला ४ पौंड दिले, म्हणजे डीलरच्या दुप्पट, तरी बकऱ्यापेक्षा बरंच स्वस्त पडलं.

खिमा जिंकला. उग्र वास येईल अशी सगळ्यांना भीती होती, नाही आला, कारण काका जनावर लगेच साफ करून थंड करायचे. उग्र वासाची अर्धी बदनामी उशिरा साफ केलेल्या जनावरांमुळे आहे असं माझं मत. बाकी अर्धी जुन्या हॉटेलवाल्यांनी आठवडेच्या आठवडे टांगून ठेवलेल्यामुळे.

टांगण्यावरून एक किस्सा आहे. इकडे हरीण मारल्यावर चिलरमध्ये काही दिवस टांगून ठेवतात, मांस मऊ होतं. आपल्या लोकांना रविवारी सकाळी समोर कापलेलं मटण हवं. वहिनींच्या एका मैत्रिणीला हे कळलं की मांस पाच दिवसांपूर्वीचं आहे, तिने बायकांच्या ग्रुपमध्ये "शिळं मटण" असं टाकलं. मग आम्ही टांगण्याचं फार समजावत बसलो नाही, मंटजॅक तसाही छोटा, दोन-तीन दिवस पुरतात.

मोठी चूक: नाव

आता ज्यासाठी हे लिहितोय तो भाग. मेन्यूवर काय लिहायचं?

इंग्रजीत जनावराचं नाव वेगळं आणि ताटातल्या मांसाचं वेगळं, म्हणून व्हेनिसन म्हटलं की डोळ्यासमोर हरीण येतंच असं नाही. मराठीत अशी सोय नाही. हरणाचं मटण म्हटलं की हरीण उभं राहतं, डोळ्यांसकट. दादाला वाटलं की आधी लोकांनी खाऊन बघावं, आवडलं की मग सांगू. त्याने बोर्डावर लिहिलं "सागोती स्पेशल". कोकणात मटणाला सागोती म्हणतात, खोटं काहीच नाही. इंग्रजी मेन्यूत खाली बारीक अक्षरात व्हेनिसन होतं. मी ते बघितलं आणि गप्प बसलो. नियमाप्रमाणे चालून जाईल असं स्वतःला सांगितलं. ही माझी चूक.

पहिले दोन आठवडे छान गेले. तिसऱ्या शनिवारी एक नेहमीचं कुटुंब आलं, नागपूरकडचे, आजी पण बरोबर. सागोती घेतली, बाकावर बसून खाल्ली, आवडली, आजींनी तर विचारलं की मटण कुठून आणता हो, इतकं कोवळं. दादा खुशीत म्हणाला की मटण नाही आजी, हरीण आहे. आजींनी चमचा खाली ठेवला. काही बोलल्या नाहीत. मुलगा बोलला, बराच बोलला. आजी मटण-मासे खाणाऱ्या, पण हरीण त्यांच्या मनात खाण्यात बसतच नव्हतं, सीतेने मागितलेलं ते, आणि न सांगता खायला घातलं ह्याचा राग जास्त. त्या संध्याकाळी गावच्या मराठी ग्रुपवर सत्तर-ऐंशी मेसेज. कुणी म्हणे भारतात ह्याला सरळ जेल आहे, जोधपूरचं काळवीट प्रकरण माहीत नाही का. ते तिकडे खरंच आहे, आपल्याकडे हरणाचं मांस विकणं सोडा, जवळ सापडलं तरी गुन्हा, पण इकडचा कायदा वेगळा हे ऐकायच्या मूडमध्ये कुणी नव्हतं. कुणी म्हणे बकऱ्याच्या नावाखाली किती दिवस हेच चालू आहे देव जाणे.

त्याच आठवड्यात दुसरा फटका. नेहमी चिकन नेणारे एक बांगलादेशी गृहस्थ आले आणि शांतपणे विचारलं, हरीण हलाल आहे का? दादा म्हणाला की ते नाही, बाकी सगळं आहे. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, कढई तीच आहे का? कढई तीच होती. खिमा करायचं मशीनही तेच. त्यांनी भांडण केलं नाही, फक्त येणं बंद केलं, आणि त्यांच्याबरोबर आणखी किती जणांनी बंद केलं ते आम्हाला शुक्रवारच्या गल्ल्यावरून कळलं.

मग काय केलं

दोन दिवस दुकान बंद ठेवून आम्ही तिघे बसलो. हरीण बंद करायचं हा पर्याय टेबलावर होता आणि मला वाटतं वहिनींना तोच हवा होता. दादाचं म्हणणं, आता बंद केलं तर लपवत होतो हे सिद्ध होईल. दोघांचंही बरोबर होतं. शेवटी ठरलं की तीन महिने, पण उघड्यावर.

दादा आजींच्या घरी जाऊन माफी मागून आला. फुलं वगैरे काही नाही, नुसता गेला, बसला, चहा प्यायला. हे त्याने मला न विचारता केलं आणि माझ्या सगळ्या कागदांपेक्षा त्याचा उपयोग झाला.

दुकानात एक मोठा बोर्ड लावला, मराठी, इंग्रजी आणि उर्दूत. हे हरणाचं मांस आहे, मंटजॅक जातीचं, गोळीने मारलेलं, हलाल नाही. वेगळी कढई, वेगळे चमचे, वेगळं मशीन, लाल टेप लावलेलं. दारावरचा स्टिकर मात्र काढला, कारण एका छताखाली दोन्ही असताना पूर्ण दुकानाला तो लावणं आम्हाला पटेना, त्याऐवजी चिकन-मटणाच्या ओळीपुढे हलाल लिहिलं. हरीण फक्त गुरुवार ते शनिवार. आणि टॅगमधली माहिती खडूने लिहायला सुरुवात केली: मंगळवारी सकाळी, अमुक गावाजवळच्या शेतात, बीटच्या पिकाशेजारी. शेतकऱ्याचं नाव नाही, फक्त दिशा.

ह्या खडूच्या ओळीने जे केलं ते मला अपेक्षित नव्हतं. गोरे लोक थांबून वाचायला लागले. आमच्या समजुतीप्रमाणे इंग्लिश माणसाला व्हेनिसन सवयीचं असणार, पण तसं नाहीये. जुन्या खेड्यातले लोक खातात, त्यांच्या फ्रीजरमध्ये कुणीतरी ओळखीच्याने दिलेली मांडी असते. शहरातून राहायला आलेले बिचकतात, हरीण गोंडस असतं म्हणून. तिसरे असतात ज्यांना वाटतं की हे श्रीमंतांचं खाणं, ख्रिसमसला हॉटेलात वगैरे. ह्यालाही इतिहास आहे, नॉर्मन राजांनी जंगलंच राखीव केली होती, हरीण राजाचं, आणि १७२३ च्या ब्लॅक ॲक्टखाली तर हरणाच्या चोरीला फाशीपर्यंत शिक्षा होती. एकेकाळी ज्याला हात लावला की मान जायची ते आता साडेसात पौंडात पावाबरोबर, हे दादा गिऱ्हाइकांना सांगायचा आणि ते हसायचे.

दोन बायका अशा आल्या ज्या एरवी शाकाहारी. म्हणाल्या की कोंबड्या कोंडून वाढवतात ते आम्हाला चालत नाही, हे जनावर मोकळं जगलं आणि तसंही मारावंच लागणार होतं, म्हणून हे चालतं. वहिनींना हा विचार डोक्याबाहेरचा वाटला. आपल्याकडे शाकाहारी माणूस असा हिशोब करत नाही.

पण उघड्यावर आलं की सगळेच प्रश्न येतात. एका मुलीने स्टॉलवर विचारलं, मंटजॅक वर्षभर मारता तर मादीच्या पोटात पिल्लू असेल तर? दादाला माहीत नव्हतं, त्याने काकांना फोन लावून स्पीकरवर टाकला, ही भयंकर कल्पना. काकांनी सरळ सांगितलं: मंटजॅकची प्रौढ मादी जवळजवळ कायम गाभण असते, म्हणून आम्ही लहान वयाची किंवा अगदी दिवस भरत आलेली निवडतो, कारण तेव्हा तिच्या मागे दूध पिणारं पिल्लू उरलेलं नसतं, नाहीतर ते उपाशी मरतं. हीच इथली मान्य पद्धत आहे आणि विचार केला तर त्यात दयाच आहे, पण स्टॉलवर सकाळी सकाळी ऐकायला ती कशी वाटते ते तुम्हीच बघा. मुलगी ऐकून म्हणाली, थँक यू, आणि काही न घेता गेली. मागचा माणूस म्हणाला, दोन प्लेट. वहिनींनी त्या दिवसानंतर हरणाचा खिमा चाखणं बंद केलं. मीठ बघायला दादाला बोलावतात.

एक मोह टाळला त्याचं श्रेय घेतो. गावातल्या एका पबला आमचा खिमा घाऊक हवा होता. तिथे मी अडवलं, कारण शिकाऱ्याला नियमात जी सूट आहे तिच्याखाली काकांकडून आलेला माल आपण थेट खाणाऱ्याला देतो तोपर्यंत ठीक, दुसऱ्या धंद्याला पुरवायला लागलो की अप्रूव्हलचा विषय येतो आणि ते ह्या किचनचं काम नाही. पबला आम्ही गेम हँडलिंग युनिटचा नंबर दिला. दादा आठवडाभर माझ्याशी तुटक बोलत होता.

निकाल

दीड वर्षानंतर हरीण मेन्यूवर आहे, तीन दिवस. खिमा पाव चालतो, सुकं बेताचं, कच्च्या मांसाची पाकिटं विकून बघितली ती दोन महिन्यात बंद केली, लोकांना घरी शिजवायची भीती वाटते. हरीण घेणाऱ्या दहापैकी सात-आठ गोरे. मराठी गिऱ्हाइक परत आलं पण वडापाव आणि चिकनला, हरणाला हात लावणारे मोजके, त्यात दोन जण मुंबईहून पाहुणे आले की मुद्दाम घेऊन येतात. एकाने गावी न्यायला पॅक करून मागितलं होतं, वहिनींनी त्याला जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. मुस्लिम गिऱ्हाइकांपैकी अर्धे परत आले असतील. ते बांगलादेशी गृहस्थ आले नाहीत, रस्त्यात भेटले की हसतात. हरणावर सुटलेले पैसे आणि शुक्रवारचं गेलेलं गिऱ्हाइक ह्यांची बेरीज-वजाबाकी केली तर पहिलं वर्ष तोट्यातच होतं, दादा हे मान्य करत नाही, पण हिशोब माझ्याकडे आहे.

कौन्सिलची तपासणी झाली, हायजीन रेटिंग ५ चं ४ झालं. सगळ्यांना वाटलं हरणामुळे. इन्स्पेक्टरने टॅगची फाइल बघून उलट कौतुक केलं, मार्क गेले ते फ्रिजच्या दाराच्या रबराला बुरशी होती म्हणून.

परत करायचं झालं तर

पहिले तीन महिने गेम हँडलिंग युनिटचंच मांस घेतलं असतं, महाग पडलं असतं तरी. आम्ही सोर्स, काका, गोळी, चिलर ह्यात एवढे गुंतलो की लोकांना हवंय का हे बघायच्या आधीच एका माणसाला शब्द देऊन बसलो. मग मागे फिरणं अवघड झालं, कारण काकांनी गोळ्या बदलल्या होत्या, नवा चिलर घेतला होता.

हलालवाल्या गिऱ्हाइकांशी आधी बोलायला हवं होतं, चालू करायच्या आधी, चार जणांना तरी. कढईचा प्रश्न त्यांनी पहिल्या मिनिटात विचारला असता आणि वेगळ्या कढईला चाळीस पौंड पुरेसे होते. माझ्या हायजीनच्या फॉर्ममध्ये कच्चं-शिजलेलं वेगळं, ॲलर्जी वेगळी, सगळे रकाने होते. हा रकाना नव्हता. आता मी प्रत्येक फॉर्ममध्ये तो घालतो.

सागोतीबद्दल मात्र आमच्यात अजून एकमत नाही. दादा म्हणतो शब्द चांगला होता, खालची अक्षरं बारीक होती. मी म्हणतो शब्दच लपायला निवडला होता. वहिनी म्हणतात तुम्ही दोघं आजींसमोर बसून हे बोला.

आणि पुढचं एक संकट येतंय ज्याचा विचार कुणी केला नव्हता. काकांचा गुडघा गेलाय, ओल्या शेतातून जनावर ओढून आणणं आता त्यांना जमत नाही, मागच्या महिन्यात दोनच मंटजॅक आले. दादा हरीण शिकारीच्या पहिल्या लेव्हलच्या सर्टिफिकेटचं पुस्तक घेऊन आलाय, काउंटरखाली ठेवतो आणि गिऱ्हाइक नसलं की वाचतो. बंदुकीच्या लायसन्सचा फॉर्म घरी आणायला वहिनींनी अजून परवानगी दिलेली नाही.